बॉयकॉट : एका आडनावाचे क्रियापद

इंग्रजी भाषेत माणसांच्या नावांवरून तयार झालेले शब्द थोडेथोडके नाहीत. सँडविच हे एका उमरावाचे बिरुद होते, आणि मॅकिन्टॉश हे स्कॉटलंडातील एका रसायनज्ञाचे आडनाव होते. आज एक आपण खातो व दुसरे पावसाळ्यात अंगावर घालतो. परंतु अशा बहुतेक शब्दांच्या मुळाशी जो मनुष्य असतो, त्याने स्वतः काहीतरी केलेले असते. कोणी एखादी वस्तू शोधून काढली, कोणी एखाद्या वस्तूची आवड लोकांना लावली. आज ज्या शब्दाविषयी बोलावयाचे आहे, त्याची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. बॉयकॉट या गृहस्थाने कोणाला बॉयकॉट केले नाही. लोकांनी त्याला केले. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर, या क्रियापदाचा जन्म झाला त्या वाक्यात बॉयकॉटसाहेब कर्ता नव्हते, कर्म होते.

आपल्याकडे या शब्दाला 'बहिष्कार' हा प्रतिशब्द आता इतका रुळला आहे की, वर्तमानपत्र वाचताना मूळ शब्दाची आठवणही होत नाही. सभेवर बहिष्कार, निवडणुकीवर बहिष्कार, परदेशी मालावर बहिष्कार, एवढेच काय, एखाद्या बोलपटावरही बहिष्कार. परंतु हा संस्कृत शब्द आपल्या समाजात त्या आयरिश प्रकरणाच्या कितीतरी आधीपासून नांदत होता, आणि त्याचा जुना अर्थ फार निराळा, फार कडू होता. इंग्रजी शब्दाचा नवा अर्थ त्याच्यावर येऊन बसला, तेव्हा दोन्ही अर्थांची जी सरमिसळ झाली, तिचे परिणाम केवळ कोशापुरते राहिले नाहीत. त्याकडे वळण्यापूर्वी आधी आयर्लंडात जाऊन येणे भाग आहे.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट याचा जन्म १८३२ साली इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात, बर्ग सेंट पीटर या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक. घराण्याच्या नावाचे मूळ रूप 'बॉयकॅट' असे होते. १८४१ च्या सुमारास घरच्यांनी त्यातील एक स्वर बदलून ते 'बॉयकॉट' असे लिहिण्यास आरंभ केला. हा बदल झाला नसता, तर जगातील निम्म्याअधिक भाषांना आज निराळा शब्द उच्चारावा लागला असता! मुलाने सैन्यात प्रवेश मिळवला, एकोणचाळिसाव्या पायदळ पलटणीबरोबर तो आयर्लंडात गेला, आणि थोड्याच वर्षांत सैन्य सोडून तेथेच शेतीच्या उद्योगाला लागला. सैन्यात त्याची मजल खालच्या हुद्द्यापलीकडे गेली नव्हती. तथापि लोक त्याला 'कॅप्टन' म्हणत आणि तोही तसे म्हणू देत असे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर अकिल नावाचे एक वाऱ्यापावसाने झोडपलेले बेट आहे. तेथे त्याने सुमारे वीस वर्षे काढली. पुढे १८७३ च्या सुमारास तो मेयो परगण्यात, लॉक मास्क या मोठ्या सरोवराच्या काठी राहावयास आला. तेथे लॉर्ड अर्न या जमीनदाराची काही जमीन त्याने स्वतः खंडाने कसावयास घेतली होती आणि त्या भागातील अर्नच्या कुळांकडून खंड वसूल करण्याचे मुखत्यारपणही त्याच्याकडे होते.

हा लॉर्ड अर्न स्वतः दूर अल्स्टरमध्ये राहत असे. आयर्लंडातील सगळी त्याची मिळून चाळीस हजार एकरांवर जमीन. तीपैकी मेयोमधला हा तुकडा अगदी लहानसा. कुळांना धनी दिसत नसे, दिसत असे तो कारभारी. आपल्या कोकणातील खोतीचा किंवा इनामी गावांचा ज्यांना पूर्वानुभव आहे, त्यांना ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. बॉयकॉट हा दुष्ट मनुष्य होता असे पुराव्यावरून दिसत नाही, पण तो हट्टी होता, शिस्तीच्या बारीकसारीक गोष्टींचा भोक्ता होता. कुळांची गुरे हद्दीत शिरली की दंड कर, जळणाला काटक्या वेचू देऊ नको, अशा त्याच्या तक्रारी आणि हुकूम चालत. माणसाला राग आणणारे अन्याय पुष्कळदा मोठे नसतात, रोजचे असतात.

त्यात १८७९ चे साल उजाडले. १८४५ ते १८४९ या काळातील बटाट्याच्या दुष्काळाची आठवण असलेली माणसे अजून जिवंत होती. तशात पुन्हा पावसाने पीक कुजले, धान्याचे भाव अमेरिकेच्या आयातीमुळे घसरले, आणि खंड मात्र जुन्याच दराने मागितला जाऊ लागला. मायकेल डॅव्हिट याच्या खटपटीने याच वर्षी 'लँड लीग' म्हणजे शेतजमीन संघ स्थापन झाला आणि पार्लमेंटातील आयरिश पुढारी चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल त्याचा अध्यक्ष झाला. डॅव्हिटचे स्वतःचे बालपणच मेयोमधील; आईबापांना घरातून बाहेर काढल्याचा प्रसंग त्याने लहानपणी अनुभवलेला होता.

१९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस या गावी पार्नेलचे जे भाषण झाले, ते या शब्दाच्या इतिहासातील खरे पहिले पान होय. एखाद्या शेजाऱ्याला जमिनीवरून हुसकावून लावल्यावर तीच जमीन जो कोणी पुढे होऊन खंडाने घेईल, त्याचे काय करावे, असा प्रश्न त्याने श्रोत्यांना विचारला. गर्दीतून आवाज आले की, त्याला गोळी घाला. पार्नेलने शांतपणे उत्तर दिले की, याहून अधिक चांगला, अधिक ख्रिस्ती धर्माला साजेसा मार्ग आहे. तो रस्त्यात भेटला, दुकानात दिसला, बाजारात आला, फार काय, देवळात प्रार्थनेला आला तरी त्याला एकटे सोडा; जुन्या काळी महारोग्याला समाज जसा दूर ठेवी, तसा त्याला दूर ठेवा. या बोलण्यात भूतदयेचा भाग किती आणि राजकारणी धूर्तपणाचा किती, हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु बंदूक टाकून देऊन पाठ फिरवणे हेच शस्त्र होऊ शकते, ही कल्पना त्या दिवशी हजारो शेतकऱ्यांच्या कानी पडली, आणि तिचा पहिला मोठा प्रयोग त्यांनी जमीन बळकावणाऱ्या कुळावर न करता जमीनदाराच्या मुखत्यारावर केला.

त्या हंगामात अर्नने खंडात शेकडा १० सूट देऊ केली होती. कुळे शेकडा २५ मागत होती. बोलणे फिसकटले. बॉयकॉटने अकरा कुळांवर बेदखलीच्या नोटिसा काढल्या. २२ सप्टेंबरला डेव्हिड सिअर्स नावाचा बेलिफ सतरा पोलीस बरोबर घेऊन त्या बजावण्यासाठी निघाला. तीन नोटिसा त्याने बजावल्या. चौथ्या घरी मात्र एका बाईने नोटीस हाती घेण्याचे नाकारले आणि शेजारणींना इशारा म्हणून लाल फडके हालवले. क्षणात गावातील बायका धावून आल्या आणि चिखल, शेण व दगड यांचा असा काही वर्षाव झाला की, बेलिफ व पोलीस यांना लॉक मास्कच्या घराचा आश्रय घ्यावा लागला. पुरुषांच्या सभांनी जे ठरवले होते ते अमलात आणण्याचा मुहूर्त बायकांनी साधला, ही गोष्ट इतिहासलेखक बहुधा एका ओळीत आटोपतात. मला ती एका ओळीपेक्षा अधिक मोलाची वाटते.

दुसऱ्या दिवसापासून बॉयकॉटच्या घरातील व शेतावरील एकेक माणूस काम टाकून निघून गेला. तबेल्यातील मोतद्दार गेला, शेतातले मजूर गेले, लोहाराने घोड्याचे नाल ठोकण्याचे नाकारले, धोबिणीने कपडे घेण्याचे सोडले. जवळच्या बॅलिनरोब गावातील दुकानदार सामान देईनात; टपाल आणणाऱ्या पोराला धमकावण्यात आले, तेव्हा बॉयकॉटचा पुतण्या टपाल आणू लागला, तर त्यालाही वाटेत अडवून ताकीद देण्यात आली. धान्यसामग्री सरोवरातून होडीने कॉंग या गावाहून आणावी लागे. शेतात बटाटे, सलगम आणि धान्य उभे होते, आणि ते काढण्यास हात नव्हते. कोणी त्याच्या अंगाला बोट लावले नाही. परंतु पोलिसांच्या पहाऱ्यावाचून त्याला अंगणाबाहेर पडवत नव्हते, आणि बाहेर पडला तर त्याच्याशी बोलणारे कोणी नव्हते.

हे जे चालले होते त्याला म्हणावे काय, हा प्रश्न तेथील पाद्री फादर जॉन ओ'मॅली आणि जेम्स रेडपाथ नावाचा अमेरिकन वार्ताहर यांच्यापुढे पडला. रेडपाथने पुढे या संभाषणाची हकीकत स्वतःच लिहून ठेवली आहे. दोघे जेवावयास बसले होते. रेडपाथचे म्हणणे असे की, 'ऑस्ट्रासिझम' हा शब्द आपणांस ठाऊक आहे, पण या भोळ्या शेतकऱ्यांना तो कसा समजणार? पाद्रीबुवांनी थोडा विचार करून सुचवले की, त्या गृहस्थाचेच नाव क्रियापद म्हणून वापरले तर? तेव्हा 'टु बॉयकॉट' हे रूप जन्मास आले. शब्द विद्वानांनी घडवला. पण विद्वानांचा शब्द लोकांना कळणार नाही याच कारणासाठी घडवला, हे विसरता कामा नये.

ऑस्ट्रासिझम हा शब्द तसा काही वाईट नव्हता. प्राचीन अथेन्समध्ये ज्या पुढाऱ्याचे वजन राज्याला धोक्याचे वाटे, त्याचे नाव नागरिक खापरीच्या तुकड्यावर कोरून टाकीत. खापरीला ग्रीक भाषेत 'ऑस्ट्राकॉन' म्हणत. सहा हजार मते पडली म्हणजे त्या मनुष्याला दहा वर्षे नगर सोडून जावे लागे. त्याची मालमत्ता मात्र जप्त होत नसे. रोमन लोकांत याहून कडक प्रकार होता. त्यांच्या कायद्यात अपराध्याला 'अग्नी आणि पाणी' यांची बंदी करीत. म्हणजे कोणी त्याला विस्तव देऊ नये, पाणी देऊ नये. आपल्या उत्तर हिंदुस्थानातील 'हुक्कापाणी बंद' या वाक्प्रचाराशी याचे किती साम्य आहे! तेथेही विस्तव आणि पाणीच. पण अथेन्सची खापरी आणि रोमची आज्ञा यांच्यामागे राज्यसत्ता उभी होती. मेयोमध्ये राज्यसत्ता बॉयकॉटच्या बाजूला होती आणि तरीही त्याला भाकरी मिळत नव्हती. जुने शब्द अपुरे पडले ते यामुळे.

बॉयकॉटने आपली कैफियत लंडनच्या 'टाइम्स' पत्राकडे धाडली. ती ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाली आणि एका आडगावच्या भांडणाकडे साऱ्या इंग्लंडचे लक्ष गेले. उत्तरेकडील अल्स्टरमध्ये प्रॉटेस्टंट राजनिष्ठांनी वर्गणी गोळा केली आणि कॅव्हन व मोनाहन या परगण्यांतून पन्नास स्वयंसेवक बॉयकॉटचे पीक काढण्यासाठी निघाले. पन्नास मजुरांच्या रक्षणासाठी सरकारने सुमारे एक हजार सैनिक व पोलीस दिले. नोव्हेंबरच्या मुसळधार पावसात ही मंडळी क्लेअरमॉरिसच्या स्टेशनावर उतरली, आणि तेथून पुढे चौदा मैलांची वाट बहुतेकांना पायी तुडवावी लागली, कारण गाडी भाड्याने देण्यास कोणी तयार नव्हते. दोन आठवडे चिखलात सलगम उपटण्याचे काम चालले. सैनिकांनी बॉयकॉटच्याच बागेत तंबू ठोकले, त्याचीच झाडे जाळली, आणि ज्याच्या रक्षणासाठी आले होते त्याचे नुकसान शत्रूने केले नसते एवढे केले. पीक निघाले सुमारे ५०० पौंडांचे. ते काढण्याचा खर्च १०,००० पौंडांवर गेला. एकेका सलगमाला सरकारला एकेक शिलिंग पडला, असे पार्नेल गमतीने म्हणाला. फादर ओ'मॅलीने लोकांना सक्त ताकीद दिली होती की, सैन्य परत जाईल त्या दिवशी कोणी रस्त्यावर येऊ नये. असे सांगतात की, त्या दिवशी कुंपणाला टेकून उभी असलेली एक म्हातारी त्याला दिसली, तेव्हा ब्रिटिश सैन्याला भीती घालू नको असे तुला बजावले नव्हते काय, म्हणून त्याने तिला रागे भरल्याचे सोंग केले.

२७ नोव्हेंबर १८८० रोजी बॉयकॉट कुटुंबासह निघाला. घोडागाडीला हाकणारा मिळेना, म्हणून सैन्याच्या रुग्णवाहक गाडीतून त्याला नेण्यात आले. डब्लिनच्या ज्या हॉटेलात तो उतरला, त्याच्या मालकालाही धमकीचे पत्र आले. १ डिसेंबरला त्याने इंग्लंडची बोट धरली. तोपर्यंत त्याचे नाव त्याच्या मालकीचे राहिले नव्हते. नोव्हेंबरच्या २० तारखेला खुद्द 'टाइम्स'मध्येच हे नाव क्रियापद होऊन छापले गेले होते, आणि तेही मेयोविषयी नव्हे, तर दुसऱ्याच एका गावच्या बातमीत. थोड्याच काळात फ्रेंच, जर्मन, डच, रशियन या भाषांनी ते आपापल्या व्याकरणाचे प्रत्यय लावून उचलले. जपानी भाषेतही ते गेले. इतक्या त्वरेने इतक्या भाषांत शिरलेले आडनाव दुसरे क्वचितच असेल.

शब्दाच्या धन्याची पुढील कथा लहानशी आहे. १८८१ मध्ये तो अमेरिकेस गेला, तेव्हा त्याने आडनाव गाळून नुसते 'चार्ल्स कनिंगहॅम' असे नाव धारण केले. वर्तमानपत्रवाल्यांनी ओळखले ते ओळखलेच. पुढे तो लॉक मास्कला परत आला, आणि नवल असे की, लोकांनी त्याला पुन्हा त्रास दिला नाही. १८८६ मध्ये त्याने आयर्लंड सोडले, सफोक परगण्यात फ्लिक्स्टन येथे दुसऱ्या एका जमीनदाराची मुखत्यारी धरली, आणि तेथेच १८९७ मध्ये तो वारला. कुळांच्या लढ्याला १८८१ च्या ग्लॅडस्टनच्या कायद्याने बरेच यश दिले. खंड ठरवण्यास न्यायासने नेमण्यात आली. मात्र ज्या पाद्र्याच्या तोंडून शब्द निघाला, त्याच्याच धर्मपीठाने १८८८ मध्ये रोमहून आज्ञापत्र काढून या प्रकाराचा निषेध केला. शस्त्र कोणाच्याही हाती जाते आणि कोणावरही चालते, हे रोमला लवकर दिसले, असे म्हणावयास हरकत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. मेयोमध्ये जे १८८० साली घडले ते पुणे जिल्ह्यात त्यापूर्वी सहा वर्षे घडून गेले होते. शिरूर तालुक्यात कर्डे नावाचे गाव आहे. तेथील बाबासाहेब देशमुख यांच्यावर कालूराम नावाच्या सावकाराने १८७४ मध्ये दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्याच्या वसुलीसाठी त्यांचे घर पाडावयास काढले. देशमुख गावातील वजनदार आसामी. त्यांच्या पुढाकाराने गावाने एकी केली. सावकारांची शेते कोणी करीना, त्यांच्या दुकानाची पायरी कोणी चढेना, न्हावी हजामत करीना, पाणक्या पाणी भरीना. अखेर सावकाराला पोलिसांच्या सोबतीने गाव सोडावे लागले. ही बातमी आसपासच्या गावांत पसरली, आणि त्यांनीही तसेच करार केले. पुढे १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात जो दंगा उसळला, त्याला आपण 'दख्खनचे दंगे' म्हणून ओळखतो. कर्जरोखे जाळण्याची हकीकत सर्वांना ठाऊक असते. त्याआधीचा हा निःशस्त्र अध्याय चौकशी आयोगाच्या अहवालात राहिला. आयर्लंडात १८८१ चा जमीनकायदा झाला, येथे १८७९ चा शेतकी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पण कर्ड्याच्या वाट्याला रेडपाथ आला नाही. तो आला असता तर जगाच्या कोशात आज कदाचित 'कालूराम' हे क्रियापद असते.

अर्थात कर्ड्याच्या लोकांना नवा शब्द हवा होता, असेही नाही. त्यांच्याजवळ शब्द तयार होता : वाळीत टाकणे. आणि येथेच आपल्या गोष्टीला ते वळण लागते, ज्यासाठी मी हा विषय निवडला. आयरिश कुळांना जे हत्यार नव्याने शोधावे लागले, ते आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या धार लावून ठेवलेले होते. फरक एवढाच की, ते खालून वर न चालता बहुधा वरून खाली चालत आले. मनुस्मृतीत पतित मनुष्याला ज्ञातीबाहेर घालण्याचा विधी आहे : तो मेलाच असे समजून त्याच्या नावाने पाण्याचा घट ठेवावा, दासीने तो लाथेने उपडा करावा, आणि तेथून पुढे त्याच्याशी बोलणे, बसणे, देणेघेणे सारे बंद. हाच घटस्फोट. आज आपण तो शब्द पतिपत्नीच्या काडीमोडीला लावतो. पण ज्याने मूळ विधी पाहिला त्याला तो शब्द उच्चारताना जिवंत माणसाचे श्राद्ध आठवले असेल. वाळीत पडलेल्या घराला विस्तव नाही, विहीर नाही, मुलीला स्थळ नाही, प्रेताला खांदेकरी नाहीत.

सुशिक्षित पुण्यालाही याचा अनुभव जवळून होता. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला, त्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली, आणि शहरात मोठे ग्रामण्य माजले. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही होते. शंकराचार्यांच्या नेमणुकीने १८९२ मध्ये चौकशी झाली, प्रायश्चित्ताचे वाद झाले, आणि घरच्या धर्मकृत्यांना भिक्षुक मिळण्याची पंचाईत टिळकांच्याही वाट्यास आली. एका पेल्याची ही किंमत होती. ज्या 'केसरी'चा पहिला अंक बॉयकॉटने आयर्लंड सोडल्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला, त्याच्या संपादकाला दोन्ही अर्थांचा बहिष्कार परिचित होता, एक वाचनाने आणि दुसरा अंगावर येऊन.

१९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली. ७ ऑगस्टला कलकत्त्यास परदेशी मालावरील बहिष्काराचा ठराव झाला, ऑक्टोबरात पुण्यात सावरकरांच्या पुढाकाराने विलायती कपड्यांची होळी पेटली, आणि स्वराज्य, स्वदेशी व राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीला बहिष्कार हे चतुःसूत्रीचे एक सूत्र होऊन बसले. त्याच वर्षी अमेरिकेने चिनी लोकांस बंदी करणारे कायदे केले म्हणून चिनी व्यापाऱ्यांनी अमेरिकन मालावर बहिष्कार घातला होता, आणि त्याच्या बातम्या आपल्या पत्रांनी आवडीने छापल्या होत्या. मनुष्याऐवजी माल हे या क्रियापदाचे कर्म झाले, हा त्याच्या अर्थातील मोठाच पालट होय.

या वेळी शब्दाच्या कुळाकडे ज्याने बारकाईने पाहिले, असा एक मनुष्य महाराष्ट्रात होता. डिसेंबर १९०५ मध्ये बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून बोलताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी बंगालच्या लोकांनी उचललेले हे पाऊल अखेरचा उपाय म्हणून न्याय्य ठरवले. पण त्याबरोबरच असेही सांगितले की, 'बॉयकॉट' या शब्दाला त्याच्या जन्मामुळे एक अप्रिय वास चिकटला आहे, दुसऱ्याचे नुकसान करण्याची सूडबुद्धी त्यातून प्रथम ध्वनित होते, म्हणून देशी मालाचा पुरस्कार करावयाचा असेल तर 'स्वदेशी' हाच शब्द पुरे आहे. जहालांनी याची थट्टा केली. आज मागे वळून पाहता असे वाटते की, राजकारण म्हणून टिळकांचा पक्ष अधिक परिणामकारक होता, परंतु शब्दाचा कान गोखल्यांचा अधिक तीक्ष्ण होता.

कारण 'बहिष्कार' हा शब्द राष्ट्रीय सभांच्या व्यासपीठावरून टाळ्या घेत असताना खेड्यापाड्यांत त्याचा जुना अर्थ निमूटपणे आपले काम करीत होता. १९२४ साली डॉ. आंबेडकरांनी आपल्या पहिल्या संस्थेला 'बहिष्कृत हितकारिणी सभा' असे नाव दिले आणि महाडच्या सत्याग्रहानंतर, ३ एप्रिल १९२७ रोजी, जे पाक्षिक सुरू केले त्याचे नाव 'बहिष्कृत भारत'. टिळकांच्या चतुःसूत्रीत कर्तरी असलेले क्रियापद येथे कर्मणी झाले. लॉक मास्कच्या घरी बॉयकॉटची जी जागा होती ती या देशात कोट्यवधी लोकांची होती. पण त्यांच्या मदतीस ना पन्नास मजूर आले, ना हजार सैनिक.

महाडच्या तळ्याचे पाणी घेतल्यावर काय होते, विहिरीवर हक्क सांगितल्यावर काय होते, याची तपशीलवार नोंद मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीच्या अहवालात आहे. आंबेडकर व ठक्करबाप्पा या समितीचे सभासद होते, आणि अहवाल १९३० मध्ये आला. अस्पृश्यांनी हक्क बजावू म्हटले की गावकरी त्यांचे काम बंद करतात, रस्ता बंद करतात, वाणी धान्य विकणे बंद करतो, आणि ज्यांच्याजवळ उद्याच्या पिठाचीही तरतूद नाही त्यांना मारहाणीपेक्षा हे अधिक भारी पडते, असा त्या पाहणीचा निष्कर्ष. गोलमेज परिषदेपुढे आंबेडकरांनी जी संरक्षणे मागितली, त्यांत बहिष्काराविरुद्ध फौजदारी कायदा हे एक कलम होते. आणि त्याचा मसुदा त्यांनी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतला होता. बहिष्कार घालणे, त्याला चिथावणी देणे आणि त्याची धमकी देणे, हे तीन वेगवेगळे गुन्हे त्यांनी मांडले. ब्रह्मदेशाचा कायदा इंग्रज सरकारने राजकीय चळवळीला आळा घालण्यासाठी केलेला होता. दडपशाहीच्या कोठारातील हत्यार काढून ते दुर्बलांच्या रक्षणाला लावावे, ही दृष्टी वकिलाची खरी. पण तिच्यामागे गावकुसाबाहेरचा अनुभव होता.

तेव्हापासून या शब्दाचे दोन्ही अर्थ बरोबरीने चालत आले आहेत. अमेरिकेत माँटगोमेरी शहरी डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस काळ्या नागरिकांनी बसगाड्यांवर बहिष्कार टाकला. त्या चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांनाही आरंभी हाच प्रश्न पडला होता की, गोऱ्यांच्या समित्या आम्हांला उपाशी पाडण्यासाठी जे करतात तेच आपण करीत नाही ना? आपण दुष्ट व्यवस्थेला सहकार्य नाकारीत आहोत, एवढेच आपले काम, असे त्यांनी मनाशी ठरवले तेव्हा कोठे त्यांचे समाधान झाले. आणि योगायोग पाहा : दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीशी क्रीडासंबंध ठेवू नयेत असे जगाने ठरवले असता, ते मोडून १९८२ मध्ये तेथे खेळावयास गेलेल्या इंग्लिश क्रिकेटपटूंत जेफ्री बॉयकॉट होता. त्याबद्दल त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली.

आपल्याकडील कायद्याची वाटचाल संथ झाली. मुंबई राज्याने १९४९ मध्ये ज्ञातिबहिष्काराला बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि धर्मसंप्रदायाला आपला कारभार पाहण्याचा जो हक्क घटनेने दिला आहे, त्याला बाध येतो म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये बहुमताने तो रद्द ठरवला. मुख्य न्यायमूर्ती सिन्हा यांचे मत विरुद्ध पडले होते. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात बहिष्काराची व्याख्या आली, ती आंबेडकरांच्या जुन्या मसुद्याशी ताडून पाहण्याजोगी आहे : घर वा जमीन देण्याचे नाकारणे, मजुरीस ठेवण्याचे नाकारणे, व्यवहार तोडणे. परंतु तो कायदा अस्पृश्यतेपुरता होता. एकाच जातीच्या पंचांनी आपल्याच जातीतील कुटुंबाला वाळीत टाकले, मुलीने परजातीत लग्न केले म्हणून दंड मागितला, तर बोलावयास जागा नव्हती. जातपंचायतींची अशी प्रकरणे महाराष्ट्रात एकामागून एक उघडकीस आली, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी त्यांचा पाठपुरावा केला, आणि २०१६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा कायदा संमत केला. राष्ट्रपतींची संमती मिळून जुलै २०१७ मध्ये तो अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. लग्नकार्य, अंत्यविधी, देऊळ, शाळा, दवाखाना यांपासून कोणाला तोडणे हे गुन्ह्यांच्या यादीत आहे, आणि असा निर्णय घेण्यासाठी जमणाऱ्या पंचांनाही तो लागू आहे. मराठी संहितेत शब्द आहे 'सामाजिक बहिष्कार'. इंग्रजी संहितेत, नॉरफोकच्या त्या धर्मोपदेशकाने एक स्वर बदलून घेतलेले आडनाव.